शेड्यूलशेठ

लग्न ठरलं की माणसं आधी अंगठीचं माप घेतात, मग हॉल बघतात, मग आचारी. आमच्या शेड्यूलशेठने आधी शेंगेन व्हिसाचा लीड टाइम काढला. मुलीकडची मंडळी समोर बसलेली, पोह्यांच्या बशा अजून उचललेल्या नाहीत, सुपारी फुटायची बाकी, आणि हा मोबाईलवर उलटं मोजत बसलेला : हनिमून सप्टेंबरअखेर धरला, त्याआधी व्हिसा, त्याआधी विवाह नोंदणीचा दाखला, म्हणजे अक्षता डिसेंबरात पडायलाच हव्यात. मुलीच्या नारायणगावच्या मामांना वाटलं, पोराला लग्नाची घाई झालीय. घाई कसली! त्याच्या तक्त्यात हनिमून म्हणजे डिस्पॅच होतं आणि लग्न ही त्याच्या आधीची एक प्रोसेस.

ही जात फक्त आमच्या दिघीत पिकते असं नाही. मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे, जिथं जिथं चाकणच्या कारखान्यांची स्टाफ बस थांबते तिथं एखादा शेड्यूलशेठ असतोच. पण दिघीचं वाण अस्सल. इथं एका अंगाला लष्कराची कुंपणं, दुसऱ्या अंगाला आळंदी. दारूगोळ्याच्या कोठारावरून ज्याला मॅगझीन चौक म्हणतात त्याच चौकातून दर ज्येष्ठात माऊलींची पालखी पुण्याकडे जाते. लहानपणापासून एका कानाने कवायतीची शिट्टी आणि दुसऱ्याने टाळ ऐकलेला मुलगा पुढे प्रॉडक्शन प्लॅनिंगला लागला, की त्याची सगळी भक्ती वेळापत्रकावर जाऊन बसते. पालखीच्या दिवशी आम्ही बाकीचे रस्त्याकडेला हात जोडून उभे असतो. हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो : 'पालखी, मॅगझीन चौक. अपेक्षित ९:२०, प्रत्यक्ष ९:५५. तफावत ३५ मिनिटे. कारण : भाविक.'

शेड्यूलशेठ हे नाव त्याला पाण्याच्या टँकरवाल्याने दिलं. एका उन्हाळ्यात टँकर यायला उशीर झाला म्हणून हा त्याला मागच्या आठवड्याच्या सगळ्या वेळा वाचून दाखवत होता. टँकरवाला पाइप जोडता जोडता म्हणाला, "ओ शेड्यूलशेठ, पाणी आलंय ते घ्या. शेड्यूल काय पिता येत नाय." भोसरी-दिघीकडे ज्याच्या दारात चारचाकी उभी तो शेठच, त्यामुळे नाव लगेच बसलं. त्याला स्वतःला त्यात चेष्टा आहे हे आजवर कळलेलं नाही. माणूस वाईट नाही, हेही सांगायला हवं. रात्री दोन वाजता कुणाच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं झालं तर दार याचंच वाजतं, कारण कुठला रस्ता आज खणलेला आहे हे सबंध सोसायटीत एकट्यालाच ठाऊक असतं.

आता हनिमूनला इटलीच का? आमच्याकडची पोरं मनालीला जातात, केरळला जातात, हल्ली कंपनीचा बोनस बरा झाला तर बालीला. याच्या मनात फ्लॉरेन्स बसलं ते वडिलांमुळे. वडिलांची सारी नोकरी आकुर्डीला बजाजमध्ये, चेतकच्या लाईनवर. बजाजने आधी पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या, मग १९७२ साली चेतक आली, हा त्या घरातला कुळाचार आहे. सणावाराला कुणीतरी विषय काढतोच. पियाज्जोचा कारखाना पोंतेदेरा नावाच्या गावी, फ्लॉरेन्सहून पिसाला जाताना वाटेवर. तेव्हा याला फ्लॉरेन्सचा पत्ता मायकेलअँजेलोने दिलेला नाही. आधी एका अंगावर आडवी करून मग किक मारल्यावर सुरू होणाऱ्या स्कूटरने दिला. पुढे याच्या चाकणच्या कारखान्यात मशीन बसवायला एक इटालियन साहेब आला. तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये दोघे तासभर शेजारी शेजारी अडकले. तेवढ्या वेळात साहेबाने हातवारे करून आपलं अख्खं गाव समजावलं. तेही फ्लॉरेन्सच्या बाजूचंच निघालं.

मुलीने एकच अट घातली. ती नारायणगावच्या बागायतदाराची लेक, बी.एस्सी. ॲग्री, नोकरी भोसरीतल्या एका सहकारी बँकेत. ती म्हणाली, "फ्लॉरेन्सला चला, चर्चं बघा, पुतळे बघा. पण शेजारच्या किआन्तीत द्राक्षाच्या बागा आहेत, त्यातला एक अख्खा दिवस माझा." नारायणगावच्या मुलीला वाईन काही चंद्रावरची गोष्ट नव्हती. शॅतो इंडाजने फसफसती वाईन बनवायला घेतली ती १९८०च्या दशकात, आणि ती नारायणगावातच. नाशिकला सुला वगैरे नंतर आले. पण तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, वाईनची द्राक्षं कधी लावली नाहीत. त्यांचा भरवसा जम्बोवर आणि शरद सीडलेसवर. मण्यात बी असलेलं द्राक्ष त्यांच्या लेखी द्राक्षच नाही.

शेड्यूलशेठच्या मातोश्री माळकरी. आळंदीची एकादशी त्यांनी कधी चुकवलेली नाही. त्यांच्यासमोर वाईन हा शब्द काढायची सोय नव्हती. म्हणून घरात त्या दिवसाची नोंद 'शेतीविषयक अभ्यासदौरा' अशी झाली. अभ्यासदौऱ्याला परदेशी जायची परंपरा आपल्याकडे जुनी आणि लोकमान्य असल्याने मातोश्रींनी जास्त खोदलं नाही. त्यांना दुसरीच काळजी होती. लग्न डिसेंबरात आणि हनिमून सप्टेंबरात, मध्ये बरोबर नऊ महिने. लोक काय म्हणतील? शेड्यूलशेठने समजावलं, "आई, मार्चमध्ये ऑडिट आहे, जूनमध्ये नवीन मॉडेल लाईनवर येतंय, ऑगस्टमध्ये इटलीच बंद असतं. सप्टेंबरातच क्षमता मोकळी आहे." मातोश्री माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, ह्याच्या बापाने एवढा विचार केला असता तर हा झालाच नसता."

व्हिसासाठी मुंबईला कागद द्यायचे होते. बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्र, ३०,००० युरोचा विमा, आणि दिवसवार कार्यक्रम. या शेवटच्या कागदापाशी माणसं अडतात आणि कुठूनतरी उतरवून काढतात. असा कागद कुणीतरी आपणहून मागतंय म्हटल्यावर याला गहिवरून आलं. त्याने कार्यक्रम जोडलाच, वर एफएमईए जोडला. एफएमईए म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता. प्रत्येक बिघाडाला तीव्रता, शक्यता आणि तो आधी ओळखता येण्याची सोय असे दहापैकी गुण द्यायचे. खिडकीमागच्या मुलीने तो न बघताच परत केला. आम्ही मात्र नंतर बघितला. सामान हरवणे, पासपोर्ट चोरीला जाणे, जेवणात मांस निघणे, हे सगळं होतं. सोळाव्या ओळीवर होतं : 'पत्नी रुसणे. तीव्रता ९, शक्यता ४, डिटेक्शन १०.' ज्यांचा या तक्त्यांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, डिटेक्शन दहा म्हणजे घडून जाईपर्यंत कळायची कसलीही सोय नाही. लग्नाला वर्षही न झालेल्या माणसाची ही जाण मला थक्क करून गेली.

कार्यक्रमाचा कागद तिने विमानात वाचला. त्यात एक ओळ होती : 'सायं. ६:१० ते ६:४०, आर्नो नदीकाठी गप्पा.' तिने विचारलं, "गप्पा कशावर, ते नाही लिहिलंत?" हा पेन काढून म्हणाला, "मुद्दे काढतो."

हे सगळं मला कळलं ते परतल्यानंतरच्या गुरुवारी. या पट्ट्यातली सुट्टी गुरुवारची. एमआयडीसी गुरुवारी बंद, म्हणून आमच्याकडची बारशी, साखरपुडे आणि भांडणं गुरुवारी होतात. त्या संध्याकाळी त्याने मजल्यावरच्या सगळ्यांना फोटो बघायला बोलावलं. टीव्हीला लॅपटॉप जोडला. पहिल्याच पडद्यावर पाच रकाने : प्लॅन, ॲक्च्युअल, तफावत, कारण, उपाय. हनिमूनचा असा आढावा मी पहिल्यांदाच बघत होतो. ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती आणि दर दोन मिनिटांनी तिथूनच दुरुस्त्या सुचवत होती.

पहिली तफावत सोमवारची. जगाची सुट्टी गुरुवारची असते या समजुतीत वाढलेल्या माणसाने गुरुवार विश्रांतीला मोकळा ठेवला होता आणि सोमवारी दोन मोठी संग्रहालयं लावली होती. फ्लॉरेन्समध्ये उफ्फिझी सोमवारी बंद, डेव्हिडचा पुतळा जिथं आहे ती अकादेमियाही बंद. सोमवारी दोघे नुसते गावात फिरले. आर्नोवरचा तो जुना पूल, १३४५ सालचा, त्यावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. पूर्वी तिथं खाटीक बसायचे, १५९३ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूकने त्यांना उठवून सोनार आणले. आतून आवाज आला, "तिथं माझ्यासाठी कानातले बघायचे होते, पण ते प्लॅनमध्ये नव्हते." शेड्यूलशेठने 'उपाय' या रकान्याकडे बोट दाखवलं. तिथं लिहिलं होतं : 'रांका ज्वेलर्स, दिवाळी.'

कॉफीचं त्याला फार पटलं. तिथं काउंटरशी उभं राहून प्यायली की स्वस्त, टेबलाशी बसलं की महाग. जागा अडवायचे पैसे वेगळे. हे आपल्या अमृततुल्यवाल्यांना कुणी सांगू नये. तिथल्या पावात मीठ नसतं, हे मात्र त्याने 'डिफेक्ट' म्हणून नोंदवलेलं. तिने बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि प्रश्न मिटला.

मग डेव्हिड. एखादा कवी त्या पुतळ्यासमोर गप्प होतो, एखादा चित्रकार रडतो. शेड्यूलशेठने त्याला एक फेरी मारली आणि म्हणाला, "उजवा हात प्रमाणापेक्षा मोठा आहे. आणि घोट्यापाशी हेअरलाईन क्रॅक आहेत." दोन्ही गोष्टी खऱ्या. त्या भेगांवर अभ्यासकांनी लेखही लिहिलेत. पण त्याच्यावर परिणाम केला तो दगडाच्या इतिहासाने. तो संगमरवराचा ठोकळा १४६४ साली एका दुसऱ्या शिल्पकाराने हातात घेतला, खोदायला सुरुवात केली आणि सोडून दिला. पुढे आणखी एकाने हात लावला, त्यानेही सोडला. ठोकळा काही दशकं आवारात ऊनपाऊस खात पडला. १५०१ मध्ये तो सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोकडे आला आणि तीन वर्षांत त्यातून पाच मीटरहून उंच माणूस उभा राहिला. शेड्यूलशेठ आम्हाला हे सांगताना खुर्चीतून उठला. "काका, म्हणजे रिजेक्ट पीस! रिजेक्ट झालेला पीस रिवर्क करून पास केला! आणि आमच्याकडे रिवर्क म्हटलं की क्वालिटीवाले असं बघतात जणू मी कुणाचा खिसा कापला." आतून आवाज आला, "तिथं पण हे एवढ्याच जोरात बोलले होते. गार्डने ओठांवर बोट ठेवलं."

खरा रंगला तो कॅथेड्रलच्या घुमटात. चारशे त्रेसष्ट पायऱ्या, चढायला ठरलेली वेळ, तिकिटावर मिनिटासकट छापलेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या जातीचं गाव भेटलं होतं. त्या घुमटाखालची पोकळी पंचेचाळीस मीटरच्या घरातली. जमिनीवरून लाकडी आधार न उभारता ब्रुनेलेस्कीने तो १४२० ते १४३६ मध्ये बांधून काढला, सुमारे ४० लाख विटांचा. त्याच्या अडचणी चरित्रकार वासारीने लिहून ठेवल्यात, आणि त्या वाचून शेड्यूलशेठला वाटलं की हा आपल्याच शिफ्टचा माणूस. गवंडी दुपारी जेवायला एवढं खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे, त्यात वेळ जायचा. ब्रुनेलेस्कीने वर घुमटातच खाण्यापिण्याची सोय केली. "कँटीन लाईनवर! आम्ही हे तीन वर्षं मागतोय." कामगारांनी जास्त पैसे मागितले तेव्हा ब्रुनेलेस्कीने त्यांना काढून लोम्बार्दीची माणसं आणली, आणि जुने माफी मागत आले तेव्हा कमी पगारावर परत घेतले. ही गोष्ट सांगताना शेड्यूलशेठचा आवाज जरा उतरला. आमच्या मजल्यावर दोघेजण कंत्राटी आहेत, ते समोरच बसले होते. त्यातला एक म्हणाला, "म्हणजे एचआर तवापासून असंच हाये तर." आणि सहकारी गिबेर्ती फुकट अर्धं श्रेय घेतोय असं दिसल्यावर ब्रुनेलेस्की आजारी पडून घरी झोपला. काम ठप्प झालं, गिबेर्तीला काही सुचेना, आणि अख्ख्या गावाला कळलं की डोकं कुणाचं आहे. "सिक लीव्हचा याच्याइतका चांगला उपयोग जगात कुणी केलेला नाही," शेड्यूलशेठ म्हणाला. त्याच ब्रुनेलेस्कीने संगमरवर वाहून आणायला एक बोट काढली, १४२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ती माल भरून बुडाली, हेही त्याने सांगितलं. पण घाईत. आपल्या माणसाचं झाकायचं असतं.

मला वाटतं, इथं त्याला हसणं आपण जरा आवरावं. संग्रहालयाच्या रांगेत घाम पुसत उभ्या राहिलेल्या किती जणांना त्या गावाकडे कारखाना म्हणून बघता येत असेल? ते गाव होतंच कारागिरांचं. कॅथेड्रलच्या बांधकामावर देखरेख कुणाची, तर लोकरीचा धंदा करणाऱ्यांच्या संघाची. बिलं, मापं, मजुरी, उशीर, दंड यांतून ते सौंदर्य निघालंय. आपल्याला शाळेत फक्त सौंदर्य शिकवलं, बिलं गाळली.

पोंतेदेराला तो एका सकाळी जाऊन आला. व्हेस्पा १९४६ सालची, ती काढणारा कोर्रादिनो दास्कानियो मूळचा विमानांचा इंजिनियर. तिथल्या संग्रहालयातून याने वडिलांना एका जुन्या इंजिनाचा फोटो पाठवला. वडिलांचं उत्तर आलं : 'आमचं फिटिंग जास्त टाईट होतं.'

माझं त्याच्याकडे एकच मागणं होतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, ३० नोव्हेंबर १८७० रोजी. वय जेमतेम विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथल्या लोकांनी असं कधी पाहिलेलंच नव्हतं, नगरपालिकेला खास परवानगी द्यावी लागली. १८७४ मध्ये त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसला, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. नदीकाठच्या एका बागेच्या पार टोकाला आहे, सहलीच्या बसा तिकडे जात नाहीत. मी म्हटलं होतं, तेवढं नमस्कार करून ये. त्याने पंचवीस मिनिटं दिली होती आणि पंचवीसच मिनिटं लागली, तफावत शून्य. पुतळ्याचा फोटो एकच निघाला, शेजारच्या मोठ्या पुलाचे नऊ. "काका, त्या पुलाचं नाव बघा. पोंते अल्लिंदियानो. हिंदी माणसाचा पूल. आपल्या कोल्हापूरच्या माणसावरून नाव दिलंय. आणि आपल्याकडे लष्करी हद्दीतला रस्ता २०१५ साली बंद झाला तर बोपखेलच्या लोकांनी पुलाची किती वाट बघितली!" यावर मजल्यावर अर्धा तास चर्चा झाली. इटली बाजूला राहिली. चहा दुसऱ्यांदा आला.

मग आला बाराव्या पडद्यावरचा दिवस. तिने मागितला होता अख्खा दिवस, वर लिहिलेलं : 'किआन्ती, अर्धा दिवस, परतीची बस ४:५०.' शेजारचा 'ॲक्च्युअल' हा रकाना कोरा. पुढचे तीनही रकाने कोरे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "इथं काहीच नाही भरलं?" शेड्यूलशेठ म्हणाला, "डेटा उपलब्ध नाही." आतून हसण्याचा आवाज आला. चहाचं भांडं खाली ठेवून ती बाहेर आली आणि पुढचं तिनेच सांगितलं. तो लॅपटॉपच्या वायरीशी खेळत बसला.

सुरुवात ठीक झाली होती. मार्गदर्शक मुलीने किआन्ती क्लासिकोच्या बाटलीवरच्या काळ्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांचा हद्दीवरून वाद. ठरलं असं की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार कोंबडा आरवल्यावर निघायचा, आणि जिथं भेटतील तिथं हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवला. तो भुकेने अंधारातच आरवला, त्यांचा स्वार आधी सुटला आणि बहुतेक सगळा मुलूख मारून गेला. दंतकथाच ती, पण तिला फार आवडली. "आमच्याकडे बांध कोरतात. इतकं डोकं नाही चालवत."

मग मार्गदर्शक मुलीने सांगितलं की १७१६ साली तिथल्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोझिमोने, किआन्तीच्या हद्दी फर्मान काढून ठरवून दिल्या. तेव्हा आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळून तीनच वर्षं झाली होती. शेड्यूलशेठ खूश. मग कळलं की प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर सरकारी पट्टी असते आणि तिच्यावर नंबर. आणखी खूश. "ट्रेसेबिलिटी!" मग मुलीने पेला पुढे केला, वास घ्यायला लावला आणि विचारलं, काय जाणवतं? चेरी? व्हायोलेटची फुलं? चामडं? याने डोळे मिटले, नाक आत घातलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "कूलंट."

तोवर ती बाहेर बागेत गेली होती. सप्टेंबरअखेर, तिकडे तोडणी चालू. त्याच आठवड्यात नारायणगावला आप्पांची छाटणी चालू. आपल्याकडे एका पिकाला दोन छाटण्या : एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. तिकडे थंडीत वेल झोपतो, तेव्हा एकदाच कात्री लावायची. तिने आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आप्पा बागेतच होते. पहिलं वाक्य, "पोहोचलीस का?" वगैरे काही नाही. "मांडव कुठाय?" मांडव नव्हताच. तारांवर उभ्या रांगा, कमरेएवढ्या. "मणी दाखव." बारीक, जाड सालीचे, आत बी. "ह्याला आपला व्यापारी हात नाय लावायचा." माल किती निघतो? तिने मार्गदर्शक मुलीला विचारलं, हिशोब करून सांगितलं. नियमाने हेक्टरी ७५ क्विंटल, त्याच्यावर काढायचंच नाही. म्हणजे एकरी तीन टन. आप्पांनी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. "तीन? तीन टनात भागतं कसं त्यांचं?" ती म्हणाली, "आप्पा, बाटलीचे भाव विचारा." मग ते म्हणाले, "पान उलटं कर. पाठीवर पांढरं दिसतंय का?"

बागेचा म्हातारा मालक हे मघापासून बघत होता. पान उलटं केलेलं बघितल्यावर तो जवळ आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आप्पांनाही नाही. म्हाताऱ्याने पानाकडे बोट दाखवून म्हटलं, "पेरोनोस्पोरा." आप्पा म्हणाले, "डावणी." म्हाताऱ्याने हाताने फवारल्याची खूण केली, "बोर्दोलेझे." आणि नारायणगावहून आप्पा मोठ्यांदा ओरडले, "बोर्डो! मोरचूद आणि चुना! सांग त्याला, आमीबी त्येच मारतो!" नंतर पाऊण तास दोघे आपापल्या भाषेत बोलत होते. मध्ये ती. मोबाईलची बॅटरी संपत आली तेव्हा शेड्यूलशेठची पॉवर बँक कामी आली, त्या दिवसातलं त्याचं तेवढंच योगदान.

म्हाताऱ्याने तिच्या हातात कात्री दिली. उजव्या हाताने देठ कापायचा, डावा तळवा घडाखाली, मणी चोळायचा नाही. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्यामागे रिकामे क्रेट पडले होते. म्हाताऱ्याने शेड्यूलशेठकडे बघितलं, क्रेटकडे बघितलं. चाकणला ज्याच्या सहीशिवाय ट्रक हलत नाही तो माणूस क्रेट उचलून तिच्यामागून चालायला लागला. एक रांग झाली, दुसरी झाली. त्याने तिला विचारलं, "दमलीस का?" ती म्हणाली, नाही. तिसरी रांग झाली. पावणेपाचला त्याने घड्याळ बघितलं आणि बाही खाली ओढली. हे तिने पाहिलं. बस ४:५०ला गेली. रात्री म्हाताऱ्याच्या घरच्यांनी जेवायला बसवलं, शिळ्या पावाचं आणि घेवड्याचं दाट सूप, मग नातवाने गाडीने फ्लॉरेन्सला सोडलं. जेवताना गप्पा कशावर झाल्या हे तिने आम्हाला सांगितलं नाही. तो मात्र कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "पुढचा पडदा."

पुढच्या पडद्यावर फोटोत पेले नव्हते, सगळे कडेने कापलेले. मातोश्री इतका वेळ माळ ओढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हात असा का धरलाय रे? ग्लास कापलास व्हय?" कुणी काही बोलेना, म्हणून मी मध्ये पडलो. म्हटलं, इटलीची वाईन आपल्याकडे काही नवीन नाही. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या व्यापारी पुस्तकात लिहिलंय की भडोचच्या बंदरात वाईन उतरायची आणि त्यात इटलीच्या वाईनला जास्त मागणी होती. त्याच बंदरावर पैठणचा आणि तेरचा माल जायचा. मातोश्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. "येत असंल. पैठणला नाथांच्या घरी नव्हती ना गेली?" माझ्याकडे याला पुरावा नव्हता.

आप्पांची अर्धी छाटणी तेव्हा व्हायची होती. पुढच्या गुरुवारी दोघे नारायणगावला गेले. ती कात्री घेऊन वेलीत शिरली. शेड्यूलशेठला कुणी क्रेट दिला नाही, छाटणीला क्रेट लागत नाहीत. मग तो बांधावर उभा राहिला, एका गड्याला एका वेलीला किती सेकंद लागतात हे मोजायला लागला, आणि दुपारच्या जेवणाला मुकादमाला वही दाखवली : रांगेच्या टोकाला वळताना दर वेळी बारा सेकंद वाया जातात, गडी उलटसुलट लावले तर दिवसाला इतक्या वेली जास्त होतील. मुकादमाने भाकरीचा तुकडा मोडत वही नीट बघितली. मग म्हणाला, "जावईबापू, आमी बाग उक्ती घेतलीया. तुमाला घड्याळ लावायचं आसंल तर रोजानं माणसं लावा."

शेड्यूलशेठने स्टॉपवॉच थांबवलं, वहीचं नवीन पान काढलं आणि विचारलं, "रोजाचा रेट काय?"